गाठीचा निरोप

हुलासबाईचा नियम साधा होता. दारच्या मुक्या जिवाच्या तोंडी घास गेला की मग आपल्या तोंडी. शहाद्याला चातुर्मासासाठी आलेल्या जैन साध्वी महासतीजींपुढं हात जोडून तिनं तो घेतला, त्याला आता बरीच वर्षं झाली होती. लोणखेड्यात तो पाळणं अवघडही नव्हतं. घराच्या भिंतीला लागूनच छबूबाईचा गोठा. सकाळचं सामायिक, घटकाभराचं ध्यान, आटोपलं की पहिली भाकरी तव्यावरून उतरवून हुलासबाई तिकडं जायची. छबूबाईच्या जोडीतला थोरला बैल कवड्या तिच्या पायातल्या कड्यांचा आवाज ओळखायचा. भाकरी त्याच्या तोंडात गेली की ती घरी येऊन पदराची गाठ सोडायची.

ही गाठ म्हणजे तिचं रोजचं पचखाण. दिवस मावळायच्या आत जेवण उरकलं की पदराच्या टोकाला गाठ मारायची. गाठ आहे तोवर अन्न नाही, पाणी नाही. सकाळी गाठ सोडली की खायला-प्यायला मोकळं. त्यामुळं तिला कुणी ‘जेवलीस का’ असं विचारतच नसे. तिचा नवरा झुंबरलाल सडकेवरच्या दुकानात बसायचा. तिथून तो एवढंच विचारायचा, गाठ सुटली का? भांडी घासायला येणारी धनुबाई दुकानावरून जाता जाता सांगायची, “सुटनी हो शेठ.” गल्लीतली माणसंही आता तसंच बोलायला लागली होती.

त्या साली अखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, होऊन गेली आणि ऊन असं तापलं की गोठ्याच्या भिंतींना हात लावता येईना. अशाच एका सकाळी हुलासबाई भाकरी घेऊन गेली, तर कवड्यानं मान वळवली नाही. मागचे पाय मागं ताणून, पाठ खोलगट करून तो उभा होता. मधूनच खुरानं आपल्याच पोटावर लाथ मारायचा, उजव्या कुशीकडं वळून बघायचा. बसायचा, नीट बसतो न बसतो तोच पुन्हा उठायचा. उठून बसून त्याच्याखालची जमीन उकरली गेली होती.

छबूबाई गव्हाणीला टेकून उभी होती. रात्रभर जागल्याचं तिच्या डोळ्यांत दिसत होतं. भिला, तिचा वर्षाच्या बोलीवरचा सालदार, औषध पाजायची बांबूची नाळ धुऊन कोपऱ्यात ठेवत होता.

“काल्दिन सांजपाईन असाच शे, शेठाणीबाई,” भिला म्हणाला. “ओवा दिना, हिंग दिनं, तेल पाजं. काहीच उतरी नही ऱ्हायनं. शेणबी टाकं नही.”

हुलासबाईनं भाकरी पुढं केली. कवड्यानं ती हुंगलीही नाही. त्याच्या नाकपुड्या कोरड्या पडल्या होत्या. ती तशीच हातात भाकरी धरून उभी राहिली.

छबूबाईचा दीर उखा दारात येऊन उभा राहिला. खांद्यावरचं उपरणं झटकत म्हणाला, “डाग दे रे भिला. कुशीवर विळा तापाडीसन डाग दिना म्हणजे उठी उभा ऱ्हाई.”

“उभाच शे तो, उखाभाऊ,” छबूबाई म्हणाली. “त्याले बसता नही ई ऱ्हायनं.”

“वैनी, मी अखाजीलेच सांगं व्हतं. बाईमाणूसना हातमा जोडी टिकस नही.”

“बैलनं पोट दुखस. त्याले काय माहीत, गोठा बाईना शे का बाप्याना?”

भिला हसला आणि लगेच तोंड फिरवून नाळ पुसायला लागला. उखा हसला नाही. तो काय बोलला ते सगळ्यांना कळलं होतं. छबूबाईचा नवरा मागच्या हिवाळ्यात गेला. अखाजीला, सालदारांची सालं ठरतात त्या दिवशी, भाऊबंद ओट्यावर बसले आणि ठरलं, की जोडी आणि सालदार राखून छबूबाईनं पेरणी केली तर शेत तिनं कसायचं. पेरणी जमली नाही तर उखानं बटाईनं करायचं. एकदा दिराकडं गेलेलं शेत विधवेच्या हाती परत येत नाही, हे त्या ओट्यावर कुणी बोललं नव्हतं, पण न कळण्यासारखंही काही नव्हतं. मूलबाळ नव्हतं. सगळं त्या जोडीवर होतं, आणि जोडीतला थोरला असा पोट आवळून उभा होता.

हुलासबाई घरी आली. गाठ तशीच होती. धनुबाईकडं तिनं दुकानावर निरोप दिला, की नंदुरबारहून सकाळची मोटर येईल तिच्यात ढोरांचे डॉक्टर असले तर त्यांना उतरवून आणा.

डॉक्टर त्या दिवसांत डोंगराकडच्या गावांतून बुळकांडीच्या साथीची लस टोचत फिरत होते. मोटर झुंबरलालच्या दुकानासमोर इंजिनात पाणी घालायला थांबायचीच. झुंबरलालनं हात जोडून गाठलं, तेव्हा ते आधी नाहीच म्हणाले. मग मोटरवाल्याला थांबायला सांगून उतरले. त्यांच्या बुटांवर जुनी धूळ होती आणि आवाज घोगरा झाला होता.

गोठ्यात येऊन त्यांनी कवड्याच्या कुशीला कान लावला. उजव्या बाजूला मुठीनं दाबून पाहिलं. मग कोट काढून भिलाकडं दिला, सदऱ्याची बाही खांद्यापर्यंत वर सारली, हाताला तेल चोपडलं आणि शेपूट बाजूला करून हात आत घातला. कोपरापर्यंत, मग दंडापर्यंत. तोंड त्यांनी भिंतीकडं वळवलं होतं आणि डोळे मिटले होते, जणू सगळं बघायचं काम बोटांकडं दिलं होतं. कवड्या कण्हला. छबूबाईनं पदर तोंडाशी नेला.

हात बाहेर आला तेव्हा त्याला शेणाचा ठिपका नव्हता. नुसता काळपट, रक्ताळलेला शेंबडासारखा चिकटा.

“पोटफुगी नाही ही,” डॉक्टर म्हणाले. “उजव्या अंगाला गाठ लागते आहे हाताला. मनगटासारखी. बोट लावलं की त्याला कळ येते.”

“गाठ म्हणजे?” हुलासबाईनं हळूच विचारलं.

डॉक्टरांनी भिलाच्या हातातल्या कोटाची बाही धरली, आणि तिचं टोक आतल्या आत सारून दाखवलं. “असं आतडं आतड्यात शिरतं. आणि पीळ बसतो. पुढं वाट नाही. वरून ओवा पाजा, तेल पाजा, ते इथंच येऊन अडणार. आमच्या पुस्तकात याला मोठं नाव आहे. तुम्ही गाठच म्हणा.”

उखानं डागाचं विचारलं. डॉक्टर म्हणाले, “कातड्यावर डाग देऊन आतली गाठ सुटत असती तर मी विळाच घेऊन फिरलो असतो.”

त्यांनी सगळं पाजणं बंद करायला सांगितलं. दावं सोडून सावलीत हळूहळू फिरवायचं. कधी कधी चालता चालता गाठ आपोआप सुटते. पुढच्या गावात जनावरं पटापट पडत होती, तिथं आज पोचायलाच हवं होतं. “संध्याकाळच्या मोटरनं मी परत नंदुरबारला जाणार. दुकानाशी विचारीन. गाठ सुटली नसेल तर उतरतो आणि कुशीत चीर देऊन हातानं सोडवतो. सुटली असेल तर उतरायचं कारण नाही. शेठजी, तेवढा निरोप तुमच्याकडं.”

“माझ्याकडं,” झुंबरलाल म्हणाला.

दुपार जात नव्हती. भिला कवड्याला निंबाखाली फिरवत होता. चार पावलं चालून बैल थांबायचा, मागं बघायचा. हुलासबाई ओसरीवर माळ घेऊन बसली होती, पण माळेत चित्त नव्हतं. आदल्या संध्याकाळपासून पोटात पाण्याचा थेंब नव्हता. जीभ टाळूला चिकटत होती. उपासाची तिला सवय होती. आठ दिवसांची अठ्ठाई केलेली बाई ती. पण उपास मनानं घेतला की हलका असतो, आणि आजचा हा घेतलेला नव्हता, गळ्यात पडलेला होता. झुंबरलाल दोनदा घरी येऊन गेला.

“नियमात एकाच बैलाचं नाव नाही,” तो म्हणाला. “गल्लीत कुत्री नाहीत का? आपला छकड्याचा बैल नाही का? त्याला घाल घास आणि सोड गाठ.”

“आहे,” ती म्हणाली. “पण तो तिथं उपाशी उभा असताना मी दुसऱ्याच्या तोंडून माझी वाट काढू?”

“दिवस मावळला की पुन्हा उद्यापर्यंत पाणी नाही. या उन्हात.”

तिनं माळेचा पुढचा मणी ओढला. झुंबरलाल दुकानात परत गेला. तिथं येणारं-जाणारं माणूस त्याला विचारायचं, शेठाणीनी गाठ सुटनी का? तो नाही म्हणून मान हलवायचा.

उन्हं उतरायला लागली तसा कवड्या शांत झाला. आधी लाथा मारणं थांबलं. मग उठबस थांबली. तो चारी पाय नीट टेकून, मान खाली घालून उभा राहिला. भिलानं त्याच्या पाठीवरून हात फिरवला तरी कण्हला नाही.

“थंडा व्हयना,” छबूबाई भिंतीपलीकडून म्हणाली. तिच्या आवाजात दिवसभरात पहिल्यांदा थोडा जीव होता. “हुलासबाई, एक डाव देखी ल्या ना, घास लेस का.”

हुलासबाई सकाळचीच भाकरी घेऊन गेली. तुकडा मोडून तोंडाशी नेला. कवड्यानं तो हुंगला, ओठ हलवले आणि जिभेनं ओढून तोंडात घेतला. जबडा दोनतीनदा फिरला. छबूबाईनं डोळे मिटून घेतले. हुलासबाईनं तिच्या दंडाला हात लावला आणि ती घरी परतली. दिवस बुडायला थोडाच अवकाश होता. तिनं पदराची गाठ सोडली, गाळलेलं पाणी प्याली आणि चुलीशी बसून खिचडीचे चार घास घेतले. धनुबाई भांडी उपडी घालून निघाली. जाता जाता दुकानापाशी नेहमीसारखी म्हणाली, “सुटनी हो शेठ गाठ.”

झुंबरलालचा श्वास मोकळा झाला. इतक्या वर्षांत बायकोची गाठ सुटली याचा अर्थ एकच होता, बैलानं घास घेतला. आणि बैलानं घास घेतला म्हणजे बैल बरा. त्याच्या मनात यात शंकेला जागाच नव्हती.

मोटर आली. इंजिन बंद न करताच उभी राहिली. डॉक्टरांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. दिवसभराच्या धुळीनं त्यांच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या.

“काय शेठजी, गाठ सुटली का?”

“सुटली साहेब. आत्ताच. घाससुद्धा घेतला त्यानं.”

“छान झालं,” डॉक्टर म्हणाले, आणि सीटवर मागं टेकले. मोटर गेली.

गोठ्यात भिला गरम पाण्याचा हंडा चुलीवर चढवून बसला होता, साहेबांना लागेल म्हणून. मोटरचा भोंगा आला आणि लांबही गेला. तो सडकेपर्यंत धावत गेला. परत आला तेव्हा हुलासबाई अंगणात हात धूत होती.

“शेठाणीबाई, मोटर कसाले चालनी गई?”

तिला कळेना. ती ओल्या हातानं तशीच गोठ्यात गेली. कवड्या तसाच मान खाली घालून उभा होता. गव्हाणीखाली मातीत भाकरीचा तुकडा पडला होता, लाळेनं भिजलेला, चावलेला आणि न गिळलेला. छबूबाई त्याच्याकडं बघत खाली बसली होती. कवड्याचे कान गार पडले होते.

मग दुकानातलं बोलणं कळलं. झुंबरलाल सगळं सांगत होता आणि मध्येच थांबून पुन्हा पहिल्यापासून सांगत होता, जणू कुठल्यातरी वेळी ते निराळं निघेल. छबूबाईनं ऐकून घेतलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं.

“शेठ खोटं बोलना नही,” ती शेवटी भिलाला म्हणाली. “गाठ सुटनीच व्हती.”

शहाद्याहून पहाटे निघणाऱ्या मोटरनं भिला नंदुरबारला गेला आणि दुपारच्या मोटरनं डॉक्टरांना घेऊन आला. या वेळी त्यांच्याबरोबर लाकडी पेटी होती. ती छकड्यावर घालून झुंबरलालनं स्वतः आणली. डॉक्टर गोठ्यापर्यंत चालत आले. वाटेत ते एवढंच म्हणाले, “मला तर सुटली म्हणून सांगितलंत.”

झुंबरलालनं पदराच्या गाठीचं सांगितलं. डॉक्टर चालता चालता थांबले.

“म्हणजे बाई जेवल्या, हे तुम्ही मला सांगितलंत.”

“हो साहेब.”

डॉक्टरांच्या तोंडावर हसू येऊ पाहत होतं, ते मध्येच विरलं. “आणि तो शांत झाला होता ना? ते बरं होणं नसतं. कळ संपते तेव्हा आतडं थकलेलं असतं. ते मी सांगून जायला हवं होतं.” ते पुन्हा चालू लागले. “चला. आता बोलून काय.”

त्यांनी पुन्हा हात घालून पाहिलं. गाठ होती तिथंच, जास्त घट्ट. छबूबाईला समोर बसवून त्यांनी काही न लपवता सांगितलं. कुशीत चीर द्यायची. आतडं जिवंत असेल तर गाठ सोडवून आत ठेवायचं. काळं पडून मेलं असेल तर काही उपयोग नाही. बैल चीर देतानाही जाऊ शकतो. आणि काही केलं नाही तर दोन-चार दिवसांत नक्की जाईल.

“चिरेल बैल बाजारमा कोणी इकत लेस नही, वैनी,” उखा म्हणाला.

“मी इकाले काढेलच नही,” छबूबाई म्हणाली. मग डॉक्टरांकडं वळली. “चिरा, साहेब.”

उकळलेलं पाणी हवं होतं, भरपूर. भिलाच्या हंड्यात काडीकचरा होता. हुलासबाई घरात गेली आणि आपल्या पिण्याच्या पाण्याच्या कळशा घेऊन आली. तिच्या घरी पाणी रोज फडक्यातून गाळून, उकळूनच प्यायचं. डॉक्टरांनी झाकण काढून आत पाहिलं.

“कुठल्या गावात मला असं पाणी तयार मिळालेलं नाही,” ते म्हणाले. “आणखी आहे?”

“आहे. अजून ठेवते.”

कवड्याला भिंतीशी आडव्या बल्लीला बांधलं. डॉक्टरांनी उजव्या कुशीवरचे केस वस्तऱ्यानं काढले, कातडी लाल औषधानं धुतली, बधिर करायची सुई ठिकठिकाणी टोचली. भिला शेपटीकडं, उखासुद्धा नाही नाही म्हणत शिंगांशी. हुलासबाईनं बैलाचं तोंड आपल्या हातात घेतलं. पातं तिला बघवणार नव्हतं. जिवाला धार लावायची नाही, लावणाऱ्याला हातभार लावायचा नाही, असं ती लहानपणापासून ऐकत आली होती. आणि आता तिच्याच कळशीतल्या पाण्यानं ते पातं धुतलं जात होतं. तिनं डोळे मिटले आणि बैलाच्या कानाशी नवकार मंत्र म्हणायला लागली, आवाज न करता, नुसत्या ओठांनी. कवड्याचा श्वास तिच्या मनगटावर येत होता, कोमट आणि आंबूस.

किती वेळ गेला तिला कळलं नाही. डॉक्टर कुणाशी तरी बोलावं तसं पुटपुटत होते, नाही, इथं नाही, मागं असेल. मग एकदम थांबले. “मिळाली.”

तिनं डोळे उघडले. डॉक्टरांच्या दोन्ही हातांत आतड्याचा एक फेरा होता, वांग्याच्या सालीसारखा जांभळा-काळा. ते तो ओढत नव्हते. टोकाकडून दाबत, पिळून काढावं तसा, बाहीत गेलेली बाही हळूहळू मागं सारत होते. घाम त्यांच्या नाकावरून पडत होता. उखानं शिंगं धरल्या हातानंच उपरण्याचं टोक पुढं करून तो टिपला.

फेरा सरळ झाला. पण काळाच होता.

“गरम पाण्याचं फडकं,” डॉक्टर म्हणाले. “पिळून. सारखं द्या.”

छबूबाई फडकी बुडवायची, पिळायची आणि द्यायची. डॉक्टर ती आतड्यावर ठेवायचे आणि काढायचे. फडकं काढलं की सगळ्यांचे डोळे तिथंच. काळं. पुन्हा फडकं. काळं. भिलानं तोंड फिरवलं. उन्हाची तिरीप भिंतीवर सरकत चालली होती आणि पाणी निवत आलं होतं. हुलासबाईनं बैलाचं तोंड उखाच्या हाती सोपवलं, घरी जाऊन उरलेलं पाणी तापवलं आणि घेऊन आली. परत आली तेव्हा डॉक्टर वाकून बघत होते.

“इथं,” ते म्हणाले. “कडेला बघा.”

कडेचा रंग फिरला होता. लाल म्हणण्यासारखा नव्हता, पण काळाही राहिला नव्हता. जांभळातून कुठूनतरी तांबूस वर येत होतं, आणि त्या तांबूस भागात एक बारीक लहर सरकून गेली.

त्यांनी आतडं आत ठेवलं आणि शिवण घालायला घेतली. शिवण संपल्यावर ते तिथंच पेंढीवर बसले आणि पाणी मागितलं. हुलासबाईनं कळशी पाहिली. तळाशी घोटभर उरलं होतं. ते तिनं दिलं.

दुसऱ्या दिवशी उन्हं वर आल्यावर कवड्यानं शेण टाकलं. थोडंसंच, काळं, डांबरासारखं. छबूबाईनं ते हातात उचललं आणि भिंतीवरून हुलासबाईला दाखवलं. त्यात दाखवण्यासारखं काही नव्हतं, पण हुलासबाईनं बराच वेळ पाहिलं.

बैल वाचला. कण्या, मग पातळ पेज, मग कोवळा चारा, असं हुलासबाईच्या हातून घेत घेत आठवडाभरानं तो पुन्हा भाकरी घ्यायला लागला. टाके काढायला डॉक्टर आले तेव्हा छबूबाईनं विचारलं, “जुंपसू कधय?”

डॉक्टरांनी शिवणीवरून बोट फिरवलं. “दिवाळीपर्यंत मानेवर जू नको. नंतरही, बाई, छकडा ओढेल कदाचित. शेतातला वखर, पाभर नाही. आतून शिवण फाटली तर मी काही करू शकणार नाही.”

छबूबाईनं मान हलवली. त्यांना दूध दिलं, कप परत घेतला, निरोप दिला. मग ओट्यावर बसली ती दिवेलागणीपर्यंत उठली नाही.

दक्षिणेकडं ढग दिसू लागले होते. सगळ्या गावाच्या जोड्या वखरपाळीला लागल्या. उखा दोनदा येऊन शेताच्या बांधावरून फिरून गेला. त्याला बोलायची गरज नव्हती. भिलानं जोडीदार शोधायचा प्रयत्न केला. ज्यांच्याकडं एकच बैल असतो ते पेरणीपुरता एकमेकांचा बैल जोडून घेतात. पण त्या साली एकटा बैल कुणाकडं नव्हता. एक झुंबरलालच्या दारात होता, छकड्याचा.

तो कुणी मागितला नाही. सगळ्या लोणखेड्याला माहीत होतं. शेठच्या घरचं जनावर माल ओढेल, जमीन फोडणार नाही. हे सासऱ्याच्या वेळेपासूनचं व्रत होतं. वखराच्या पात्याखाली मातीतले किती जीव जातात याची मोजदाद नाही, म्हणून त्या घरानं जमीन घेतली नाही आणि जमिनीच्या कामाला बैल दिला नाही.

एका संध्याकाळी जेवण उरकल्यावर झुंबरलाल म्हणाला, “बैल मी देतो छबूबाईला. निरोप माझ्या तोंडचा होता. दोष लागेल तो मला लागेल.”

“दोष असा एकट्यानं घेता येतो का?” हुलासबाई म्हणाली. “चारा मी घालते त्याला.”

“मग काय करू? तिचं शेत जाताना बघत बसू?”

तिनं पदराला गाठ मारली. महासतीजी असत्या तर विचारलं असतं. त्या आता कुठं गुजरातेत विहारात असतील, आणि त्यांनी काय सांगितलं असतं हेही तिला ठाऊकच होतं. रात्रभर तिला झोप लागली नाही. सकाळी सामायिकातून उठली तेव्हा उत्तर नव्हतंच. फक्त अंग जड होतं, आणि पलीकडं भिला एकट्या धाकट्या बैलाला पाणी दाखवत होता.

तिनं आपल्या बैलाचं दावं सोडलं आणि गल्लीतून त्याला छबूबाईच्या अंगणात नेलं. दावं भिलाच्या हातात दिलं.

“पेरणी होईतो ठेव,” ती म्हणाली. “तोवर मी आयंबिल करीन. आणि पुढं विचारीन कुणाला तरी.”

आयंबिल म्हणजे दिवसातून एकदा, बिनमिठाचं, तेल-तूप-दूध काही न लागलेलं अन्न. छबूबाईला ते माहीत होतं. ती म्हणाली, “मन्हासाठे कितला उपास करशात, हुलासबाई.”

“तुझ्यासाठी नाही. दुसरं काही मला करता येत नाही म्हणून.”

छबूबाईनं दाव्याला हात घातला. एवढंच.

दुसऱ्या दिवशी वखर चालू झाला. धाकटा बैल बुटका आणि शेठचा बैल उंच, त्यामुळं जू एका अंगाला कललं होतं. शेठच्या बैलाला तासात, म्हणजे वखराच्या सरळ ओळीत, चालायचं माहीत नव्हतं. चार पावलं सरळ जायचा आणि सडक दिसली की तिकडं वळायचा. भिला त्याला ओढून परत आणायचा.

“याले वाटस, पुढला बांधवर दुकान शे,” भिला ओरडून म्हणाला. “चाल रे शेठ, चाल. आज उधारी नही.”

बांधावर उभ्या असलेल्या उखाला हसू आलं. तो म्हणाला, “वाकडी तास. असं पेरं कधी उगस का?”

“वाकडं उगी,” छबूबाई म्हणाली, आणि बैलापुढं जाऊन त्याची वेसण स्वतः धरली. मग ती पुढं, बैल मागं, असं ते चालू लागले. हुलासबाई निंबाच्या सावलीत थोडा वेळ उभी होती. वखराच्या पात्यामागं उलटलेली माती तिनं पाहिली, मग पाहायचं सोडलं. घरी भात शिजायला टाकायचा होता, बिनमिठाचा.